भ्यालेला आणि फिरलेला : दोन इंग्रजी शब्दांच्या निमित्ताने श्रद्धाविचार

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या दोषांची नावे आपण फार सैलपणे घेत असतो. रणातून, व्रतातून अथवा अंगीकारलेल्या एखाद्या कार्यातून कोणी मागे सरला, की ‘भ्याड’ आणि ‘बेइमान’ ही दोन्ही विशेषणे आपण त्याला एकाच दमात लावून मोकळे होतो. वस्तुतः भिणे हा एक दोष आहे आणि दिलेला विश्वास मोडणे हा दुसरा. पहिला मनोबलाचा, दुसरा निष्ठेचा. दोन्ही एकाच मनुष्याच्या ठिकाणी कधी एकत्र आढळतात हे खरे. परंतु एकत्र आढळणे आणि एकरूप असणे या निराळ्या गोष्टी होत. रोग न ओळखता औषध देणारा वैद्य आणि दोष न ओळखता प्रायश्चित्त सांगणारा शास्ता, या दोघांच्याही हातून अनर्थच संभवतो. म्हणून या दोषद्वयाचा थोडा निवाडा करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या निवाड्यासाठी इंग्रजी भाषेतील दोन शब्द आपल्याला चांगले साहाय्य करतील. एक ‘क्रेव्हन’ व दुसरा ‘रेक्रिअंट’. दोन्ही जुने आहेत आणि दोन्ही निंदाव्यंजक आहेत. कोशात पाहिले तर दोहोंपुढे ‘भ्याड’ हा अर्थ सापडतो. परंतु इंग्रजी लेखकांचा प्रयोग बारकाईने पाहणाऱ्यास दोहोंच्या छटा भिन्न असल्याचे कळून येते. ‘क्रेव्हन’ म्हणजे ज्याचे अवसान लाजिरवाण्या रीतीने गळाले आहे असा मनुष्य. ‘रेक्रिअंट’ म्हणजे आपले कर्तव्य, आपला पक्ष अथवा आपला धर्म टाकून गेलेला मनुष्य. शेक्सपियरच्या ‘किंग जॉन’ या नाटकात ऑस्ट्रियाचा ड्यूक कॉन्स्टन्स या राजस्त्रीला साहाय्याचे वचन देतो आणि राजकारण फिरताच पक्ष बदलतो. तेव्हा ती त्याच्यासाठी जो शब्द वापरते तो ‘रेक्रिअंट’ होय. उलट ‘हॅम्लेट’मध्ये नायक स्वतःच्याच अतिविचारी, कच खाणाऱ्या मनाला जे विशेषण देतो ते ‘क्रेव्हन’. एका ठिकाणी वचनभंगाचा ठपका आहे, दुसऱ्या ठिकाणी मन कचरल्याची खंत.

आता या शब्दांचे मूळ पाहू. ‘क्रेव्हन’ची व्युत्पत्ती पूर्ण निश्चित नाही, तथापि चिरडणे, पाडून टाकणे अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच धातूशी अनेक अभ्यासक तो शब्द जोडतात. म्हणजे क्रेव्हन हा मुळात पाडला गेलेला, मोडलेला मनुष्य. त्याने काही केले यापेक्षा त्याचे काही झाले, ही त्या शब्दातील मुख्य कल्पना. ‘रेक्रिअंट’ची गोष्ट निराळी आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी ‘क्रेदेरे’ हा लॅटिन धातू आहे. ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास टाकणे, एखाद्याच्या हाती सोपवणे. त्याला मागे फिरण्याचा वाचक असा ‘रे’ हा उपसर्ग लागला आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा अर्थ द्वंद्वात स्वतःला प्रतिपक्ष्याच्या स्वाधीन करणे असा झाला. येथे मनुष्याचे केवळ काही झालेले नाही, तर त्याने स्वतः काही केले आहे.

या ठिकाणी आपल्या वाचकांस विशेष वाटावी अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लॅटिन ‘क्रेदेरे’ आणि संस्कृत ‘श्रद्धा’ हे शब्द भाषाशास्त्रज्ञांच्या मते एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत. लॅटिन मनुष्य ‘क्रेदो’ म्हणतो आणि संस्कृत मनुष्य ‘श्रद्दधामि’ म्हणतो. दोघे एकच जुने समासपद उच्चारत असतात. हृदय ठेवणे असा त्या पदाचा अर्थ परंपरेने लावला जातो. तेव्हा ‘रेक्रिअंट’ शब्दाच्या पोटात आपलीच श्रद्धा लपलेली आहे. जिथे हृदय ठेवले होते तिथून ते उचलून घेतलेला, असा त्याचा आपल्या भाषेत भावार्थ करता येईल. याच कुळातील ‘मिस्क्रिअंट’ हा शब्द पूर्वी विपरीत श्रद्धेच्या मनुष्यास लावीत. आज आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रे दंगेखोर समाजकंटकांना तो सर्रास लावतात. शब्दाचे असे पतन झाले की मूळ नात्याची आठवण कोणाला राहत नाही.

असो. एक शब्द मोडलेल्याचा आणि एक फिरलेल्याचा, असा मुळात स्पष्ट भेद असता दोहोंचा अर्थ ‘भ्याड’ या एकाच पदात कसा मिसळला? याचे उत्तर इंग्लंडच्या जुन्या न्यायपद्धतीत आहे.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर द्वंद्वाने न्याय ठरविण्याची रीत त्या देशात आली. जमिनीच्या हक्काचा मोठा दावा असो की खून-चोरीचा आरोप असो, पुराव्याने निकाल लागत नसेल तर उभय पक्षांनी मैदानात उतरावे आणि ईश्वर सत्याच्या बाजूला जय देईल, अशी त्यामागील समजूत. जमिनीच्या दाव्यात वादी स्वतः लढत नसे. त्याच्या वतीने एक प्रतियोद्धा उभा राही. त्याच्या हाती सोटा आणि चामड्याची चौकोनी ढाल असे. सूर्योदयानंतर सुरू झालेले द्वंद्व आकाशात तारे दिसेपर्यंत चाले. तोपर्यंत प्रतिवादीची बाजू टिकून राहिली तर दावा तोच जिंके. मध्येच कोणी हार मानली तर त्याने एक विशिष्ट शब्द उच्चारावा लागे. तो शब्द ‘क्रेव्हन’. आपल्याकडे शरणागताने दाती तृण धरावे, तसाच हा प्रकार. १७६५ ते १७६९ या काळात इंग्लंडच्या कायद्यावर प्रख्यात भाष्य लिहिणाऱ्या विल्यम ब्लॅकस्टनने या शब्दाविषयी असे म्हटले आहे की, त्याला ठराविक असा अर्थ नसून तो केवळ अप्रतिष्ठेचा शब्द आहे.

हार मानणाऱ्याची केवळ नाचक्की होऊन प्रकरण मिटत असे काय? नाही. सुमारे ११८७ ते ११८९ या काळात लिहिलेल्या आणि ग्लॅनव्हिलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात सांगितले आहे की, पराभूत प्रतियोद्ध्याने साठ शिलिंग दंड भरावा, आणि हा दंड ‘रेक्रिअंट’पणाबद्दल आहे. शिवाय देशाच्या कायद्याने स्वतंत्र मनुष्याला दिलेली प्रतिष्ठाही तो गमावून बसे. पुढील आयुष्यात कोणत्याही न्यायसभेत त्याची साक्ष घेतली जात नसे आणि पंच म्हणून त्याला बसता येत नसे. ज्याचा सोटा हातून गळाला, त्याचा शब्दही कायमचा कवडीमोल ठरला.

वरवर पाहता ही शिक्षा विलक्षण वाटते. दिवसभर मार खाऊन दमलेल्या मनुष्याने हार मानली, तर त्याची साक्ष का बुडावी? अंगातील बळ संपणे आणि जिभेवरचे सत्य संपणे यांचा संबंध काय? याचे मर्म त्या प्रतियोद्ध्याच्या शपथेत आहे. वादीच्या वतीने लढणारा हा कोणी तटस्थ मल्ल नव्हता. कायद्याच्या दृष्टीने तो साक्षीदार होता. या जमिनीचा ताबा वादीच्या पूर्वजाकडे असल्याचे मी स्वतः पाहिले आहे, किंवा माझ्या पित्याने पाहून मृत्युशय्येवर मला तसे सांगितले आहे, अशी शपथ घेऊन तो मैदानात उतरे. अर्थात लढणे हे त्याच्या साक्षीचेच पुढचे पाऊल होते. त्याने हार मानली म्हणजे आपली शपथ खोटी असल्याचे स्वतःच्या तोंडाने कबूल केले, असे धरले जाई. म्हणून ‘क्रेव्हन’ हा शब्द उच्चारताच तो ‘रेक्रिअंट’ ठरे. मोडणे आणि फिरणे या दोन गोष्टी त्या एका क्षणात, त्या एका मैदानात, कायद्याने एक केल्या.

या एकीकरणातील खोट इंग्रजांच्याही लक्षात आली होती. १२७५ साली वेस्टमिन्स्टर येथे झालेल्या कायद्याने वादीच्या प्रतियोद्ध्यावरील ती शपथ काढून टाकली. कारण असे दिले की, शपथ घेणारा खोटी शपथ घेत नाही असे क्वचितच घडते. भाडोत्री लढवय्ये न पाहिलेल्या गोष्टी पाहिल्याचे शपथेवर सांगत होते, असाच याचा अर्थ. द्वंद्वाची रीत मात्र कायद्याच्या पुस्तकात आणखी साडेपाचशे वर्षे राहिली. १८१७ साली बर्मिंगहॅमजवळ मेरी अॅशफर्ड नावाची तरुणी मृतावस्थेत सापडली. अब्राहम थॉर्नटन या मनुष्यावर खुनाचा आरोप आला. पंचांनी त्याला निर्दोष ठरविले. मेरीचा भाऊ विल्यम याने जुन्या कायद्याच्या आधारे पुन्हा फिर्याद केली, तेव्हा थॉर्नटनने न्यायालयात हातमोजा टाकून द्वंद्वाचे आव्हान दिले. १८१८ साली न्यायाधीशांना ते आव्हान कायदेशीर मानावे लागले. विल्यम अंगाने किरकोळ होता. त्याने द्वंद्व पत्करले नाही आणि थॉर्नटन सुटला. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, पार्लमेंटने ही रीत कायमची रद्द केली.

या प्रसंगी विचार करण्यासारखे आहे ते असे. विल्यम लढला नाही, एवढ्यावरून त्याची बहिणीविषयीची माया खोटी ठरते काय? आपल्या फिर्यादीवरचा त्याचा विश्वास उडाला होता असे म्हणता येते काय? दोहोंचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल. मनगटाचा निकाल हा हृदयाचा निकाल नव्हे. साडेसातशे वर्षे एका समाजाने या दोन निकालांची गल्लत कायद्यात सांभाळली, आणि ती गल्लत कायद्यातून गेली तरी भाषेत राहिली.

येथे कोणी शंका घेईल की, भय हेच सर्व द्रोहाचे मूळ आहे. भ्यायल्यावाचून कोणी फितूर होत नाही. मग भेद करण्यात तात्पर्य काय?

याचे समाधान असे की, पुष्कळ द्रोह भयावाचून घडतात. कोणी लोभाने फिरतो, कोणी मत्सराने, कोणी मानभंगाने. ऑस्ट्रियाच्या ड्यूकची नाटकातील कथा वर आलीच आहे. तेथे त्याला भीतीपेक्षा सोय अधिक प्रिय आहे. उलट पुष्कळ भय द्रोहावाचून राहते. माता सर्पाला भिते, आणि तरी सर्प पाळण्याजवळ दिसला तर भीत भीतच पुढे होते. ज्याअर्थी एकाच्या अभावी दुसरा आढळतो, त्याअर्थी ते दोन पदार्थ भिन्न आहेत, हा विवेकाचा साधा नियम आहे.

तथापि शंकेत थोडा सत्यांश आहे, तो नाकारू नये. भय आणि द्रोह यांच्यामध्ये एक तिसरी अवस्था असते, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी वाट तिच्यातून जाते. ती अवस्था शैथिल्याची. क्रेतियां द त्र्वा या फ्रेंच कवीचे सुमारे ११७० च्या सुमाराचे ‘एरेक आणि एनिद’ नावाचे काव्य आहे. त्याचा नायक एरेक शूर आहे, निष्ठावान आहे. विवाहानंतर मात्र तो पत्नीच्या सहवासात इतका रमतो की शस्त्र हाती धरीनासा होतो. तेव्हा लोक त्याला जो शब्द लावतात तो ‘रेक्रिअंट’च. एरेक भ्याला नव्हता आणि फिरलाही नव्हता. तो केवळ सैल पडला होता. लोकांची कुजबुज पत्नीकडून कळल्यावर तो उठतो आणि नव्याने संकटांना सामोरा जातो. शब्द एकच, परंतु येथे त्याने दाखविलेला दोष तिसरा आहे, आणि तो वेळीच ध्यानी आल्यामुळे बरा झालेला आहे.

आपल्या भाषेतही याचा एक मोठा साक्षीदार आहे. ‘फितूर’ हा शब्द आज आपण शत्रूला मिळालेल्या मनुष्यास लावतो. गडाचा दरवाजा आतून उघडणारा तो फितूर. पण हा शब्द अरबीतून आला आणि तेथे त्याचा मूळ अर्थ ढिलेपणा, अंगातील जोम ओसरणे असा आहे. ढिलेपणापासून द्रोहापर्यंतचा सगळा प्रवास त्या एका शब्दाने केला. आपल्या भाषेने ही वाट ओळखून ठेवली आहे असेच म्हणावे लागते. गडाचा दरवाजा ज्या रात्री उघडतो, त्याच्या फार आधी पहारेकऱ्याने हाक द्यायची सोडलेली असते. ‘कचखाऊ’ हा शब्द आपण या मधल्या अवस्थेसाठी वापरतो, आणि ‘बेइमान’ हा शेवटच्या अवस्थेसाठी. ‘इमान’ म्हणजेही श्रद्धाच. म्हणून ‘रेक्रिअंट’चा नेमका मराठी पर्याय हवा असेल तर ‘भ्याड’ नव्हे, ‘बेइमान’ हा अधिक जवळचा होय. आणि ‘क्रेव्हन’साठी ‘अवसान गळालेला’ एवढेच म्हणणे न्यायाचे.

हा भेद न पाळल्याने काय होते, याचे उदाहरण विसाव्या शतकाने दाखविले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच इंग्लंडच्या फोकस्टन गावी चार्ल्स फिट्झजेराल्ड या निवृत्त अॅडमिरलने स्त्रियांचा एक जथा उभा केला. जो तरुण सैनिकी गणवेशात दिसणार नाही, त्याच्या हाती पांढरे पीस द्यावे, असे त्यांचे काम. कोंबड्यांच्या झुंजीत शेपटीत पांढरे पीस असलेला कोंबडा हलक्या जातीचा, पळपुटा, अशी समजूत होती. त्यावरून हे चिन्ह आले. ज्याच्या हाती पीस पडे तो रजेवर आलेला सैनिक आहे, की आजारी आहे, की युद्ध मुळातच अधर्म आहे असे मानणारा आहे, याची चौकशी कोण करणार? पीस हाती पडले की निवाडा झाला.

रणांगणावरचा निवाडा याहून कठोर होता. त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने आपल्याच ३०६ सैनिकांना अशा लष्करी गुन्ह्यांसाठी गोळ्या घातल्या. त्यांपैकी २६६ जणांवर पलायनाचा आणि १८ जणांवर भ्याडपणाचा आरोप होता. म्हणजे लष्करी कायद्याला दोन नावे ठाऊक होती, परंतु दोन्ही नावांपुढचा दंड एकच. हॅरी फार हा वेस्ट यॉर्कशायर पलटणीतील सैनिक यांपैकी एक. तोफांच्या माऱ्याने १९१५ साली त्याच्या मज्जातंतूंवर आघात झाला. पाच महिने तो रुग्णालयात होता. बरा झाला म्हणून त्याला पुन्हा आघाडीवर पाठविले. १९१६ च्या ऑक्टोबरात, आता पुढे जाणे होत नाही असे म्हटल्यावरून, भ्याडपणाच्या आरोपाखाली त्याला गोळी घालण्यात आली. त्याचे वय तेव्हा पंचवीस होते. तो शत्रूला मिळाला नव्हता; आपल्या देशाविषयी वाकडा शब्द बोलला नव्हता. त्याचे शरीर आणि मन मोडले होते. मोडलेल्याला फिरलेल्याचा दंड मिळाला.

पुढे १९३० साली ब्रिटनने पलायन व भ्याडपणा यांसाठीची देहान्ताची शिक्षा रद्द केली. २००१ साली स्टॅफर्डशायर परगण्यातील राष्ट्रीय स्मारक उद्यानात या ३०६ जणांच्या स्मरणार्थ तितकेच लाकडी खांब उभारले गेले. आणि हॅरी फारच्या वंशजांनी नेटाने लढा दिल्यावर २००६ च्या कायद्याने त्या सर्वांना क्षमा मिळाली. त्या कायद्यात मूळचा दोषनिर्णय मात्र रद्द केलेला नाही. नव्वद वर्षांनी का होईना, भिणे म्हणजे द्रोह नव्हे एवढे त्या राष्ट्राने मान्य केले. परंतु ज्यांना ते ऐकायचे होते ते ऐकण्यास उरले नव्हते.

आता दुसरी शंका. हृदयात श्रद्धा होती, केवळ भयाने पाऊल मागे पडले, असे जो तो म्हणेल. हृदय कोणी पाहिले आहे? बाहेरून दोघांचेही कृत्य एकसारखेच दिसते. मग भ्यालेला कोण आणि फिरलेला कोण, हे ओळखावे कसे?

याचे समाधान पुढील इतिहासात सापडते. टॉमस क्रॅन्मर हा कँटरबरीचा आर्चबिशप. राजसत्ता पालटली आणि त्याने स्थापिलेला पंथ पाखंड ठरला. १५५३ साली तो पकडला गेला. आपले दोन सहकारी अग्नीत जळताना त्याच्या कानी-डोळ्यांवर आले, आणि १५५६ च्या आरंभी त्याने आपली मते सोडल्याचे लेखी कबुलीजबाब एकामागून एक लिहून दिले. येथपर्यंतची कथा ऐकणारा त्याला निःसंशय श्रद्धाभ्रष्ट म्हणेल. तरीही त्याला जाळण्याचेच ठरले. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्ड येथे सर्वांसमक्ष त्याने आपला पश्चात्ताप वाचून दाखवावा, अशी योजना होती. त्याने उभे राहून उलट सांगितले की, भयाने मी जे लिहिले ते माझ्या अंतःकरणाविरुद्ध लिहिले. ते ज्या हाताने लिहिले तो हात प्रथम जळेल. आणि अग्नी पेटताच त्याने उजवा हात ज्वालेत धरला.

क्रॅन्मरच्या मतांशी आपणास कर्तव्य नाही. त्याच्या कथेतून लक्षण मात्र मिळते. भ्यालेला मनुष्य दोष आपल्या अंगावर घेतो. व्रत खरे होते, मी उणा पडलो, असे तो म्हणतो. फिरलेला मनुष्य दोष व्रतावर टाकतो; जिथे हृदय ठेवले होते ते स्थानच खोटे होते, असे तो म्हणू लागतो. आणि ते त्याला विचारान्ती खरोखर पटले म्हणून नव्हे, तर मागे सरणे सोयीचे झाले म्हणून. भ्यालेल्याला मागची वाट दिसत राहते व ती त्याला टोचते. फिरलेला ती वाट पुसून टाकतो, आणि तिच्यावर चालणाऱ्यांची थट्टाही करतो. हे लक्षण एका दिवसात कळत नाही. म्हणून निवाडा करणाऱ्याने घाई करू नये, हाही या विवेकाचाच एक भाग होय.

शब्दांच्या वाटेने येथवर आलो. आता शास्त्राकडे वळू. कारण ‘रेक्रिअंट’च्या पोटातली श्रद्धा आपल्याला श्रीगीतेच्या दारी आणून सोडते. गीतेचा आरंभच मुळी एका योद्ध्याच्या हातून शस्त्र गळण्याने झाला आहे. श्रीकृष्ण भगवंत अर्जुनाच्या त्या अवस्थेला ‘क्लैब्य’ म्हणतात, आणि अर्जुन स्वतः तिला ‘कार्पण्य’ म्हणतो. दोन्ही शब्द बळ ओसरल्याचे आहेत. एकही शब्द द्रोहाचा नाही. भगवंत त्याला हेही बजावतात की, तू भयाने रणातून निघून गेलास असेच महारथी समजतील. म्हणजे जगाचा निवाडा आणि अर्जुनाची खरी स्थिती यांत अंतर आहे, हे तेथेच सुचविले आहे. गात्रे शिथिल झालेला तो पुरुष, याच घटकेला, मी आपला शिष्य आहे, शरण आलो आहे, असे म्हणतो. हात गळाले, पण हृदय ठेवलेल्या जागी राहिले. म्हणूनच पुढील उपदेशाला स्थान मिळाले.

सहाव्या अध्यायात तर प्रस्तुत प्रश्न अर्जुनानेच उघडपणे विचारला आहे. जो श्रद्धायुक्त आहे परंतु ज्याचा यत्न अपुरा पडला, ज्याचे मन योगापासून ढळले, त्याची गती काय? तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही असा, फाटलेल्या ढगासारखा, नष्ट होतो काय? यावर भगवंतांचे उत्तर स्वच्छ आहे : त्याचा ना इहलोकी नाश होतो ना परलोकी, कल्याण करू पाहणारा कोणीही दुर्गतीला जात नाही. आता चौथ्या अध्यायातील वचन याच्या शेजारी ठेवून पाहावे. तेथे नाश सांगितला आहे तो अज्ञ, अश्रद्दधान आणि संशयात्मा यांचा. यत्नहीनाला आश्वासन आणि श्रद्धाहीनाला इशारा, अशी ही दोन स्थळे परस्परांना पूरक आहेत. ज्याला इंग्रजांनी शेकडो वर्षे एका मैदानात एकच दंड दिला, त्या दोघांना शास्त्राने दोन निराळ्या अध्यायांत दोन निराळ्या गती सांगितल्या आहेत.

अखेरची शंका अशी की, याने भित्र्यांना मोकळीक मिळणार नाही काय? श्रद्धा शाबूत आहे ना, मग आचरणात उणे पडले तरी चालेल, असे कोणी म्हणू लागला तर?

असे म्हणणारा भ्यालेला राहिलेलाच नाही, हे ध्यानात घ्यावे. उणेपणाचे ज्याला दुःख होत नाही, जो उणेपणाचे समर्थन शोधतो, तो मधल्या अवस्थेतून पुढे सरकलेला आहे. ‘फितूर’ शब्दाने दाखविलेली वाट तो चालू लागला आहे. शिवाय भय हा दोष नव्हे, असे कोठेही म्हटलेले नाही. दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी अभय हा गुण सर्वांच्या आधी ठेवला आहे. भेद केला तो दोष माफ करण्यासाठी नव्हे, तर उपाय अचूक व्हावा म्हणून. अवसान गळालेल्यास सोबत हवी, धीर हवा, थोडा विसावा हवा आणि पुन्हा उभे राहण्याची संधी हवी. शिथिल झालेल्यास वेळेवर टोचणी हवी. एरेकला ती पत्नीच्या तोंडून मिळाली. फिरलेल्यास मात्र या दोहोंचा उपयोग नाही. त्याने हृदय उचलून घेतले आहे, आणि ते पुन्हा ठेवणे हे त्याचे त्यानेच करायचे आहे. पहिल्याला तिसऱ्याचा दंड दिला तर आपण एका श्रद्धावंताला हाताने श्रद्धेबाहेर लोटतो. ज्याची साक्ष एकदा कायमची बुडविली, तो पुन्हा सत्य बोलण्यास कशासाठी येईल?

साधकाच्या स्वतःच्या संबंधात तर हा विवेक नित्य उपयोगाचा आहे. अनुसरण घेतलेला असो की गृहस्थाश्रमी वासनिक असो, नेम चुकतो, धीर खचतो, लोकलज्जेने तोंड मिटते, असे दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतात. अशा दिवशी दोन चुका संभवतात. एक ही की, चुकले ते चुकले, आता माझ्यात श्रद्धा उरलीच नाही, असे समजून सर्वच सोडून द्यावे. दुसरी ही की, चुकले ते फारसे नव्हतेच, असे समजून स्वस्थ बसावे. पहिल्या चुकीत मोडलेला मनुष्य स्वतःलाच फिरलेला ठरवतो. दुसरीत सैल पडलेला मनुष्य हळूहळू खरोखर फिरतो. दोहोंवर उपाय एकच : मी कोठे हृदय ठेवले होते, आणि ते आज तेथे आहे की नाही, हे स्वतःला स्पष्ट विचारावे. आहे असे उत्तर आले, तर राहिलेला नेम त्याच दिवशी पुन्हा धरावा. कालचे उणेपण जमेस धरून आजचा नेम टाकू नये.

आणि दुसऱ्या कोणाविषयी बोलण्याची वेळ आली, तर जिभेवर आलेला शब्द क्षणभर थांबवावा. हा गळाला आहे, सैलावला आहे, की फिरला आहे, हे कळेपर्यंत त्याला नाव ठेवू नये. त्यातला जो गळाला आहे त्याच्याजवळ जाऊन बसावे. इति.